जीटीओचं पुस्तक आणि 'समोरचा बघून खेळा'वालं पुस्तक: दोन्ही एकाच पद्धतीने वाचू नका

पोकरचं कुठलंही स्ट्रॅटेजीचं पुस्तक घ्या, ते ढोबळमानाने दोनपैकी एका जातीचं निघतं. एक जात समोरच्याच्या चुका पकडून त्यातून कमवायला शिकवते. दुसरी जात शिकवते की समोरचा कसाही खेळू दे, त्याला आपल्याला लुटता येऊ नये, आणि हिलाच हल्ली सगळे उठसूट जीटीओ (गेम थिअरी ऑप्टिमल) जीटीओ करत असतात. गणपतीला चाकरमानी आले की भजन आटपल्यावर पडवीत डाव बसतो आणि दरवर्षी एखादा तरी पोरगा मुंबईहून दुसऱ्या जातीचं पुस्तक पढून येतो, पहिल्या जातीच्या टेबलावर बसतो, पहाटेपर्यंत सगळे चिंचोके घालवतो आणि मग सगळ्यांना सांगत सुटतो की पुस्तकात काय अर्थ नाय.

पहिल्या जातीबद्दल फार लिहीत नाही, तीन पत्ती खेळलेल्या माणसाला ती आधीच येते. कोण पत्ते न बघता चाल वाढवतो, कोण चांगला पत्ता आला की एकदम गप्प होतो, कोणाला पॅक करणं म्हणजे अपमान वाटतो, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पुस्तक फक्त ते नीट मांडतं. जो सगळं कॉल करतो, म्हणजे समोरच्याएवढे घालून टिकून राहतो, त्याला ब्लफ मारू नका, म्हणजे हातात काही नसताना बेट लावू नका, चांगल्या पत्त्यावर मोठी बेट लावा, जो घाबरतो त्याला उडवा. झालं.

आता जे फरक लोक सांगतात पण ज्यांत दम नाही ते उरकून टाकू. 'पहिली जुनी, दुसरी नवी' हे अर्धवट आहे, कारण दुसरीच्या मुळाशी असलेलं गणित फॉन नॉयमान या गणितज्ञाने 1928 मध्ये मांडलं आणि नॅशने 1950 च्या आसपास पुढे नेलं, नवा आहे तो फक्त घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा सॉल्व्हर, म्हणजे असा खेळ मोजून काढणारा प्रोग्राम, तो 2015 च्या सुमाराला आला. 'दुसरीत गणित असतं, पहिलीत मानसशास्त्र' हे तर साफ चुकीचं, दुसऱ्याच्या चुकीचा नेमका किती फायदा घ्यायचा याला गणित लागतंच, पुढे येईलच. कॅश गेम की टुर्नामेंट हा प्रश्नच वेगळा, तो कव्हरवर छापलेला असतो, वाचून घ्या.

खरा घोळ एकाच ठिकाणी होतो. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य कोणत्या तरी समोरच्या माणसाला गृहीत धरून लिहिलेलं असतं, आणि दोन जातींमधला हा गृहीत माणूस वेगळा असतो. वाचताना आपण निष्कर्ष लक्षात ठेवतो आणि त्या माणसाला विसरतो.

उदाहरणच घेऊ. रिव्हर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडायचा शेवटचा पाचवा पत्ता, आलीय, पॉटमध्ये म्हणजे मधल्या ढिगात 100 चिंचोके आहेत आणि समोरच्याने अजून 100 लावले. तुमच्याकडे मधली जोडी आहे, म्हणजे तो ब्लफ मारत असेल तर तुम्ही जिंकता आणि खरा पत्ता असेल तर हरता, अधलंमधलं काही नाही. तुम्ही 100 घालून 200 कमवायला बघताय, त्यामुळे तीनातल्या एका वेळी तो खोटा निघाला की हिशोब बरोबरीत सुटतो: एकदा 200 आले, दोनदा 100-100 गेले, हातात शून्य. आता दुसऱ्या जातीचं पुस्तक काय म्हणतं, की पॉटएवढी बेट आली तर तुम्ही त्या जागी ज्या ज्या पत्त्यांनी पोचू शकता त्यातल्या साधारण निम्म्यांनी टिकून राहा, कारण निम्म्याहून जास्त टाकायला लागलात तर समोरचा हातात काहीही नसताना डोळे मिटून बेट लावेल आणि फायद्यात राहील. पोरगा यातलं एवढंच उचलतो: 'पॉटएवढी बेट आली तर अर्ध्या वेळा कॉल.'

आणि समोर बसलेत आप्पा. आप्पांनी आयुष्यात खोटी बेट लावलीच तर दहातून एकदा, तीही चुकून पत्ता नीट न दिसल्यामुळे. दहा वेळा त्यांना कॉल केला तर एकदा 200 मिळणार आणि नऊ वेळा 100 जाणार, म्हणजे 700 चा खड्डा, दर कॉलला 70. मागे बसलेला माणूस पत्ते न बघताच सांगतो, 'अरे तो कधी फसवणा नाय, टाक पत्ते', आणि त्याचं बरोबर असतं. उलट आप्पांचा भाचा, कॉलेजातला, निम्म्या वेळा हवेतच बेट लावतो. त्याला दहा वेळा कॉल केलंत तर पाचदा 200 आले, पाचदा 100 गेले, 500 शिल्लक. पत्ता तोच, बेट तीच, पॉट तोच. एकाला कधीच कॉल नाही आणि दुसऱ्याला जवळजवळ प्रत्येक वेळी, आणि 'अर्ध्या वेळा' हे उत्तर या दोघांपैकी कोणालाच लागू नाही.

मग पुस्तक खोटं का? अजिबात नाही, आणि इथेच अडकायला होतं. ते पुस्तक तिसऱ्याच माणसाबद्दल बोलतंय, जो बरोब्बर तीनात एकदा ब्लफ मारतो. त्याच्याविरुद्ध मधल्या जोडीने कॉल करा किंवा टाका, दोन्हीची किंमत शून्यच. म्हणजे त्या एका पत्त्यावर तुम्हाला काही कमवून देण्यासाठी तो आकडा नाहीये, तुमच्या सगळ्या पत्त्यांचं मिळून रक्षण करण्यासाठी आहे, समोरच्याला ब्लफमधून फुकटची कमाई होऊ नये म्हणून. आप्पा ती कमाई करायलाच येत नाहीत. जिथे चोर नाही तिथे राखण करत बसायचं आणि त्याचे दर वेळी 70 चिंचोके मोजायचे, याला अभ्यास म्हणत नाहीत.

हाच घोळ पहिल्या जातीतही होतो, फक्त लपून होतो. जुन्या पुस्तकांत एक सल्ला हमखास सापडतो की फ्लॉपच्या (सगळ्यांसाठी एकदम उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी तुम्ही रेज केलेलं, म्हणजे बेट वाढवलेली असेल तर फ्लॉपला काहीही येवो, बेट लावाच. हे ज्या काळात लिहिलं त्या काळात लोक फ्लॉपला भराभर पत्ते टाकायचे म्हणून ते चालायचं. पॉटच्या निम्मी बेट असेल तर समोरचा तीनात एकदा टाकतो एवढंच ब्लफला पुरतं, आणि ते लोक त्याहून कितीतरी जास्त टाकायचे. आपल्याकडच्या टेबलावर फ्लॉपला कोण टाकतो? एक पत्ता जुळला की माणूस रिव्हरपर्यंत बसून राहतो. सल्ल्याची अट लेखकाने छापली नाही कारण त्याच्या टेबलावर ती सगळ्यांना माहीत होती.

म्हणून अभ्यास वेगवेगळा करायचा. पहिल्या जातीचं पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक सल्ल्याच्या बाजूला 'कोणाविरुद्ध?' याचं उत्तर लिहा. नाही लिहिता आलं तर तो सल्ला वापरू नका, लेखक कितीही मोठा असो. (पिवळा हायलायटर मात्र खरंच फेकून द्या, अख्खं पान पिवळं केलेली पुस्तकं बघून माझं डोकं फिरतं. आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफचे ढीग जमवणं हाही अभ्यास नाही.)

दुसऱ्या जातीचं पुस्तक उत्तर झाकून वाचायचं. डाव मांडलाय, बोर्ड म्हणजे टेबलावरचे उघडे पत्ते दिलेत, हाताने पुढचा परिच्छेद झाका, आपलं उत्तर आणि कारण लिहा, मग बघा. चुकलं तर उत्तर पाठ करू नका, एकच गोष्ट बदलून विचार करा, बेट पॉटऐवजी निम्मी असती तर? मग 50 घालून 150 मिळवायचे, चारातल्या एका वेळी जिंकलं तरी भागतं, म्हणजे मी जास्त पत्त्यांनी टिकायला हवं. ही दिशा डोक्यात बसली की आकडा विसरला तरी चालतो. पाठांतर करायचंच असेल तर सुरुवातीच्या दोन पत्त्यांचं करा, त्याचे 169 प्रकार आहेत आणि कुठल्या जागेवरून काय खेळायचं हे खरंच घोकावं लागतं. रिव्हरचे तक्ते घोकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि एक पुस्तक संपवून मग दुसरं, असं करूच नका. विषय धरा. या आठवड्यात रिव्हरचा कॉल, तर दोन्ही जातींच्या पुस्तकांतली फक्त तीच प्रकरणं, आधी दुसरीतलं म्हणजे शून्य कुठे आहे ते कळतं, मग पहिलीतलं म्हणजे आप्पा शून्यापासून किती लांब आणि भाचा कुठल्या बाजूला ते कळतं. पुढच्या आठवड्यात फ्लॉपची बेट.

'जीटीओ खेळलो तर हरणारच नाही' हे वाक्य ज्याने पसरवलं त्याला पूर्ण वाक्य माहीत नसावं. ही हमी फक्त दोघांच्या खेळात, तीही दीर्घकाळच्या सरासरीने आणि टेबलाची कटिंग, म्हणजे डाव चालवणाऱ्याचा वाटा, न धरता. 2017 मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामने चार मोठ्या खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं ते प्रत्येकाशी समोरासमोर, एकास एक. 2019 चा प्लुरिबस नावाचा प्रोग्राम सहा जणांच्या टेबलावर जिंकला हे खरं, पण ते त्याने खेळून दाखवलं, तीन किंवा जास्त माणसं बसली की गणिताची तशी हमी राहत नाही. आपल्या पडवीत सात जण असतात आणि त्यातले पाच फ्लॉप बघतात, त्यामुळे पुस्तकातले दोघांच्या पॉटचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका, पाच जण असताना एकट्याने राखण करायची गरज आणखी कमी होते.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून एका रात्रीत शेकडो डाव खेळून पुस्तक तपासायची सोय गेली. आता जे काही डाव मिळतात त्यातून शिकायचं तर कोण किती जिंकला हे लिहू नका, एवढ्याशा डावांत ते नशीबच असतं. लिहायचं ते रिव्हरला बेट लावून शेवटी पत्ते उघडले तेव्हा कोणाकडे काय निघालं. आप्पांच्या नावापुढे खरे पत्ते साचत गेले की टाकायला सुरुवात करा. गोव्याला मांडवीतल्या बोटीवर जाणार असाल तर तिथे सगळेच अनोळखी, कोणाच्याच नावापुढे काही लिहिलेलं नाही, तेव्हा सुरुवात दुसऱ्या पुस्तकाने करा आणि उघडलेले पत्ते बघत बघत पहिल्याकडे सरका.