कासा दे पिलातोस

कासा दे पिलातोस (पिलाताचा वाडा) : स्पेनमधील सेव्हिल शहरातील इतिहासप्रसिद्ध सरदारी वाडा. पेद्रो एन्रीकेस व त्याची पत्नी कातालिना दे रिबेरा यांनी १४८३ च्या सुमारास तो बांधायला घेतला. मुदेहार (ख्रिस्ती स्पेनमधील इस्लामी धाटणीची), गॉथिक व इटालियन प्रबोधनकालीन या तिन्ही शैली त्यात एकमेकींत मुरल्या आहेत.

नावाविषयी मतभेद आहेत. या दांपत्याचा मुलगा, तारीफाचा पहिला मार्क्विस फाद्रीके, १५१८–२० मध्ये जेरूसलेमची यात्रा करून आला आणि तेथील पंतय पिलात (येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार) याच्या वाड्याची प्रतिकृती त्याने येथे उभारली, ही जुनी समजूत. पण बांधकाम यात्रेच्या तीन तपे आधीच सुरू झाले होते. त्यामुळे ती स्वीकारणे कठीण. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फाद्रीकेने १५२१ मध्ये वाड्यापासून क्रुस देल काम्पो या शहराबाहेरील क्रुसाच्या दिशेने ‘क्रुसाची वाट’ (येशूच्या अखेरच्या वाटचालीचे स्थानास्थानांवर थांबून स्मरण करण्याचा मार्ग) सुरू केली. पिलाताचे घर ते गुलगुथा (येशूला क्रुसावर दिले ती टेकडी) हे अंतर परंपरेने १,३२१ पावले मानले जाई, तेवढीच ही वाट. तिचे पहिले स्थान, म्हणजे पिलाताचा निवाडा, वाड्याशीच येई. त्यावरून लोकांच्या तोंडी हे नाव रुळले असावे. १५२९ मध्ये जेनोआच्या आन्तोनिओ मारिया आप्रिले याने घडवलेल्या संगमरवरी दरवाजावर जेरूसलेमचे क्रूस कोरलेले आहेत. फाद्रीकेने ४ ऑगस्ट १५१९ रोजी त्या नगरात प्रवेश केल्याची नोंदही आहे.

वाड्याचे खरे वैभव झिलईच्या फरशा. दिएगो व हुआन पोलिदो या बंधूंनी त्या बहुधा १५३० नंतरच्या दशकात पुरवल्या. नमुने सुमारे दीडशे. रीत ‘कुएन्का’ : ओल्या मातीवर साचा दाबला की नक्षीच्या रेषा उठून राहतात व मधे उथळ खळगे पडतात. खळग्यांत भरलेली झिलई भट्टीत वितळली, तरी कडांमुळे एक रंग दुसऱ्यात उतरत नाही. हिरवा तांब्याचा, निळा कोबाल्टचा, मधासारखा पिवळा लोखंडाचा, पांढरा कथिलाचा. तिरप्या उजेडात पाहिले की प्रत्येक कड वेगळी उठून दिसते, आणि साचा एकच असूनही दोन फरशा तंतोतंत सारख्या निघत नाहीत. त्यांचे ‘आसुलेहो’ हे नाव स्पॅनिश ‘आसुल’ (निळा) यावरून नव्हे, तर अरबी ‘अझ्-झुलैज’वरून आले, असे भाषाभ्यासक मानतात. पोर्तुगीजांमार्फत हाच शब्द गोव्यात आला; मात्र पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतील १९३५ च्या निळ्या-पांढऱ्या फरशा ब्रशाने रंगवलेल्या आहेत, हा तांत्रिक भेद विसरू नये.

प्राचीन शिल्पांचा संग्रह मुख्यतः फाद्रीकेचा पुतण्या पेर आफान दे रिबेरा याचा. तो १५५९ ते १५७१ नेपल्सचा व्हाइसरॉय होता. मुख्य चौकाच्या भिंतींत चोवीस अर्धपुतळे बसवले आहेत. कोपऱ्यांतल्या चार मोठ्या मूर्तींपैकी दोन अथीना या ग्रीक देवतेच्या. वरच्या मजल्यावर फ्रान्सिस्को पाचेकोने १७ व्या शतकाच्या आरंभी रंगवलेले हर्क्युलिसचे छत आहे. तळमजला स्वतंत्रपणे पाहता येतो. वरचा मजला मार्गदर्शकाबरोबर दाखवतात.