स्ट्रॉबेरी जॅम: कपाटात टिकणारा आणि फ्रीजमध्येच राहणारा

घरी केलेल्या स्ट्रॉबेरी जॅमच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर रंग, वास, घट्टपणा यांवरून काहीच कळत नाही. तरी एक न उघडता कपाटात वर्षभर राहते आणि दुसरी फ्रीजबाहेर काही दिवसांतच फसफसते किंवा वर बुरशी धरते. घोळ होतो तो एका समजुतीमुळे: जॅम छान बसला म्हणजे तो टिकणार. बसणं आणि टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्ण साखर घालून नीट आटवलेला, पण पेक्टिन (फळातला, जॅमला घट्ट बसवणारा घटक) कमी पडल्यामुळे पातळ राहिलेला जॅम टिकतो. चियाच्या बिया घालून मस्त आळलेला जॅम टिकत नाही.

दोन्ही कामं साखरेशी जोडलेली आहेत, म्हणून ती एकच वाटतात. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बुरशीला आणि यीस्टला वाढायला मोकळं पाणी लागतं आणि साखर ते पाणी धरून ठेवते. तयार जॅमच्या वजनात विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, ६५ टक्क्यांच्या घरात गेले की बहुतेक सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २००९ च्या मानकातही जॅमसाठी ६० ते ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असाच आकडा आहे. फळातल्या पेक्टिनला जाळं विणायलाही साधारण तेवढीच साखर लागते: ५५ टक्क्यांच्या खाली ते बसतच नाही. शिवाय त्याला आंबटपणा लागतो, पीएच ३ ते ३.३ च्या आसपास (पीएचचा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). त्यामुळे पूर्ण साखरेच्या जॅममध्ये बसणं आणि टिकणं एकाच वेळी घडतं. साखर निम्मी केली की दोन्ही एकदम बिघडतात, आणि त्यातलं फक्त न बसणं डोळ्यांना दिसतं. मग लोक दिसणारा दोष दुरुस्त करतात, कशाने तरी घट्टपणा आणतात आणि बरणी कपाटात ठेवतात.

आंबटपणाबद्दल एक दिलासा आहे. स्ट्रॉबेरीचा पीएच साधारण ३ ते ३.९ असतो आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू ४.६ च्या खाली वाढत नाही. त्यामुळे या जॅममध्ये खरी लढाई बुरशी आणि यीस्टशी असते.

कपाटातला जॅम

१ किलो स्ट्रॉबेरी (देठ काढल्यानंतरचं वजन), ८०० ग्रॅम साखर, ४० मिली लिंबाचा रस. फळांपैकी पाव भाग थोडी कमी पिकलेली घ्यावी, त्यांत पेक्टिन जास्त असतं. अतिपिकलेल्या फळातलं पेक्टिन फळाच्याच एन्झाइमांनी तुटलेलं असतं, म्हणून 'मऊ पडलीत, जॅम करून टाकू' हा विचार कपाटातल्या जॅमसाठी वाईट. फळं आधी धुवा, कोरडी करा, मग देठ काढा. देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं आणि तेवढं जास्त आटवावं लागतं.

मोठी फळं चिरून साखरेत घोळवा आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी अनेक जण गाळतात. साखर फळातलं पाणी ओढून घेते, स्वतः आत शिरते, आतली हवा निघते, आणि तुकडे जॅममध्ये वर तरंगत नाहीत. सकाळी तळाशी बराच लाल पाक सुटलेला असतो.

जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं घ्या, २८ ते ३० सेंटीमीटर तोंडाचं. लोखंड किंवा साधं ॲल्युमिनियम नको, आंबट रसाची त्यावर प्रक्रिया होते. लिंबाचा रस घालून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने आत ढकला, कारण न विरघळलेला एखादा दाणाही पुढे बरणीत साखरेचे खडे धरायला पुरतो. साखर विरघळल्यावर आच मोठी करा आणि रटरटू द्या. एवढ्या मापाला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. माप दुप्पट करू नका. पाणी आटायला दुप्पट वेळ जातो, तोवर पेक्टिन तुटतं आणि लाल रंग तपकिरीकडे झुकतो. दुप्पट जॅम हवा तर दोन घाणे करा.

जॅम झाला का, हे कळायला तीन उपाय आहेत, आणि इथेच दोन जॅममधला फरक सर्वात स्पष्ट दिसतो. बशीची परीक्षा सगळ्यांना माहीत असते: फ्रीझरमध्ये गार केलेल्या बशीवर चमचाभर जॅम टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा, वर सुरकुती पडली की झाला. तपासत असताना गॅस बंद ठेवायचा, नाहीतर तेवढ्यात तो पुढे जातो. पण ही परीक्षा बसण्याची आहे, टिकण्याची नाही. टिकण्यासाठी तापमान पाहावं लागतं. समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या जॅममध्ये साधारण ६५ टक्के घन पदार्थ असतात. उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला जवळपास १ अंशाने, म्हणून आपल्या थर्मामीटरने आधी नुसतं उकळतं पाणी मोजा आणि त्यात साडेचार अंश मिळवा. थर्मामीटरमधली किरकोळ चूकही यात आपोआप निघून जाते.

तिसरा उपाय वजनाचा. तो फारसा कुणी वापरत नाही, पण आमच्या मते सर्वात भरवशाचा आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच लिहून ठेवा. १ किलो फळात अंदाजे ८० ग्रॅम घन पदार्थ, त्यात ८०० ग्रॅम साखर, म्हणजे ८८० ग्रॅम. हे एकूण वजनाच्या ६५ टक्के व्हायचे तर जॅम सुमारे १३५० ग्रॅम उरला पाहिजे. सुरुवात १८४० ग्रॅमपासून असते, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा आत पाणी उडवायचं. काटा १५०० दाखवत असेल तर घन पदार्थ जेमतेम ५९ टक्के आहेत, बशीवर सुरकुती पडो वा न पडो.

गॅस बंद करून वरचा फेस काढा, पाच-सात मिनिटं थांबा, एकदा ढवळा म्हणजे तुकडे सारखे पसरतील, आणि भरा. भरताना जॅम ८५ अंशांच्या वर हवा. बरण्या १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गरमच वापरा, गार काचेत उकळता जॅम ओतला तर तडा जातो. वर पाऊण सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा सोडू नका. तोंडाची कड स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा: तिथे राहिलेला जॅमचा एक ओघळ झाकण घट्ट बसू देत नाही. झाकण लावून बरण्या मोठ्या पातेल्यात, तळाशी फडकं किंवा जाळी घालून, झाकणांवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी येईल अशा ठेवा आणि पाणी खळखळायला लागल्यापासून १० मिनिटं उकळा, १८०० मीटरच्या वर राहत असाल तर १५ मिनिटं. वरच्या मोकळ्या जागेत पडलेले बुरशीचे बीजाणू यात मरतात आणि हवा बाहेर पडते. गरम बरणी नुसती उलटी ठेवण्याची युक्ती याची जागा घेऊ शकत नाही, आणि वर मेण ओतण्याची जुनी रीतही आता सोडून दिलेली बरी.

दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य दाबून पाहा. खाली-वर होत 'टक्' वाजलं तर ती बरणी बंद झालेली नाही, ती फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा. बाकीच्या अंधाऱ्या, थंड जागी. उजेडात आणि उन्हाळी गरमीत लाल रंगद्रव्य तपकिरी पडतं. जॅम खराब झालेला नसतो, पण स्ट्रॉबेरीचा वास गेलेला असतो. रंग टिकावा म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक घालायचा मोह टाळा, त्यातला सल्फर डायऑक्साइड हाच लाल रंग उडवतो.

फ्रीजमधला जॅम

५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी, १५० ग्रॅम साखर, १५ मिली लिंबाचा रस. अतिपिकलेली फळं इथे चालतात, उलट छान लागतात. सगळं एकत्र ठेचून पसरट भांड्यात १० ते १२ मिनिटं उकळायचं आणि वजन ४५० ग्रॅमवर आलं की थांबायचं. यात घन पदार्थ ४० टक्क्यांच्या जरा वर असतात. म्हणजे फळाचं पेक्टिन बसणार नाही. जो काही दाटपणा येतो तो आटण्याने आणि गराने. थंड झाल्यावर चमच्यावरून हळू ओघळेल इतपतच. हे समजून घेतलं नाही की लोक सुरकुतीची वाट पाहत आणखी वीस मिनिटं उकळत बसतात, आणि ताज्या फळाच्या चवीसाठी केलेल्या जॅमला करपट कॅरॅमलची चव येते. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ४ अंशांच्या खाली, तीन आठवडे. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना वर्षभर ठेवता येतो. तेव्हा वर दीड सेंटीमीटर जागा सोडा आणि सरळ भिंतीची बरणी घ्या, खांदे असलेली बरणी गोठताना फुटते.

घट्टपणा हवाच असेल तर कमी साखरेचं पेक्टिन मिळतं. ते साखरेऐवजी कॅल्शियमच्या मदतीने बसतं. नेहमीचं पेक्टिन निम्म्या साखरेत घातलं तर सरबत होतं, म्हणून पाकिटावर नीट पाहा आणि माप पाकिटाचंच पाळा. पावडर कुठलीही असो, आधी चार-पाच पट साखरेत कोरडी मिसळून मग घाला. थेट उकळीत टाकली की गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा विरघळत नाहीत. चिया घालणार असाल तर ५०० ग्रॅम फळाला २ मोठे चमचे पुरे, मात्र तो जॅम आठवडा-दहा दिवसांतच संपवावा. कॉर्नफ्लोअरने दाट केलेला जॅम गोठवल्यावर पाणी सोडतो, आणि बरणीबंद करायला तो मुळीच घेऊ नये: स्टार्चमुळे उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही. साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोड पदार्थांनी फक्त गोडी येते, पेक्टिन बसत नाही आणि पाणीही धरलं जात नाही.

बिघडलं तर

कपाटातला जॅम पातळ राहिला आणि वजन बरोबर असेल, तर कमी पडलं ते पेक्टिन किंवा आंबट. लिटरभर जॅमला ३० मिली लिंबाचा रस घालून तीन-चार मिनिटं पुन्हा उकळा, नव्या झाकणांनी बंद करा. किंवा सरळ सॉस म्हणून वापरा, टिकण्यात तो उणा नाही. फार आंबट झालं तर उलटा दोष येतो, जेली आवळली जाऊन पाणी सुटतं.

बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेला खाऊ नका. तिचे धागे आणि काही बुरशींची विषं दिसणाऱ्या ठिपक्याच्या खालीही पोचलेली असतात. पूर्ण साखरेच्या जॅमवर ती आली तर बहुतेकदा कारण एकच: जॅम कोमट असताना झाकण लावलं, आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमले, ते वर पडले, आणि फक्त वरच्या पातळ थरातली साखर विरळ झाली. खाली ६५ टक्के असले तरी त्या थराला त्याचा उपयोग नसतो. बुडबुडे, फुगलेलं झाकण, दारूसारखा वास ही यीस्टची लक्षणं आणि ती जास्त करून कमी साखरेच्या बरणीत दिसतात. तो जॅम न चाखता टाकून द्यावा.

या दोघांच्या मध्ये बसणारा एक तिसरा प्रकार सर्वात जास्त फसवतो: कमी साखरेच्या पेक्टिनचा, पाकिटावरच्या पद्धतीने भरून उकळत्या पाण्यात बंद केलेला जॅम. आंबटपणा पुरेसा आणि झाकण पक्कं असेपर्यंत तो कपाटात राहतो. पण त्याला तिथे टिकवतं ते झाकण, साखर नाही. उघडल्या क्षणापासून तो फ्रीजमधला जॅम होतो. पूर्ण साखरेची उघडलेली बरणी फ्रीजमध्ये, कोरडा चमचा वापरून, महिनाभर तरी आरामात जाते. कमी साखरेची ही बरणी तीन आठवड्यांपलीकडे ठेवू नका. म्हणून लेबलवर तारखेबरोबर १ किलो फळाला किती साखर घातली तो आकडाही लिहा, आणि बरणी उघडलीत की उघडल्याची तारीख.