कोंबडीच्या खाद्यातलं फॅट आणि अंड्यातला बलक

आधी एक साधा हिशोब करून बघू. ६० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ५-६ ग्रॅम फॅट असतं आणि ते जवळपास सगळं पिवळ्या बलकात, पांढऱ्यात नसल्यातच जमा. आता लेअर कोंबडी (म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली) दिवसाला १००-११० ग्रॅम खाद्य खाते, त्यात फॅट बहुतेक वेळा ३ ते ५ टक्के, म्हणजे पोटात गेलं ३ ते ५ ग्रॅम. जेवढं खाल्लं तेवढं किंवा त्याहून जास्तच फॅट ती एका अंड्यात घालते आणि तेही जवळजवळ रोज, मग बाकीचं येतं कुठून?

लिव्हरमधून. पक्ष्यांमध्ये नवीन फॅट बनवायचं काम मुख्यतः लिव्हर करतं आणि कोंबडी अंड्यावर आली की इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, त्यामुळे हे काम एकदम जोरात सुरू होतं, धान्यातल्या स्टार्चचं फॅट बनतं, त्यात खाद्यातून आलेलं फॅट मिसळतं, त्याचे बारीक बारीक कण तयार होतात आणि ते रक्तातून अंडाशयाकडे निघतात. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की हे कण नेहमीच्या फॅटच्या कणांपेक्षा मुद्दाम लहान बनवलेले असतात, त्यामुळे वाटेत स्नायू किंवा चरबीच्या पेशींना त्यातलं फॅट सहज काढून घेता येत नाही, माल थेट बलकात पोचतो.

बलक मोठा होतो तो शेवटच्या ७ ते १० दिवसांत, आणि एकाच वेळी अंडाशयात लहानमोठे बरेच बलक भरत असतात. म्हणून आज खाद्य बदललं तर उद्याच्या अंड्यात काही दिसणार नाही, पूर्ण फरक दिसायला दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात.

पण सगळंच बदलतं असं नाही. सॅच्युरेटेड फॅट (तुपासारखं घट्ट होणारं) तुम्ही काहीही खायला घाला, फारसं हलत नाही, बलकातल्या फॅटचा साधारण एक तृतीयांश भाग तेच राहतं. बदलतं ते पॉलीअनसॅच्युरेटेड, म्हणजे तेलासारखं पातळ राहणारं. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल घातलं की लिनोलेइक ॲसिड वाढतं (हे खाद्यात १ टक्क्याच्या आसपास तरी लागतंच, कमी पडलं तर अंडी बारीक होतात). जवस घातलं की ओमेगा-३ कित्येक पटीनं वाढतं, आणि कोंबडीचं लिव्हर जवसातल्या ओमेगा-३ मधला काही भाग डीएचए मध्ये (माशांत असतं ते ओमेगा-३) बदलून बलकात घालतं, जे आपल्या शरीराला फार कमी जमतं. माशाच्या तेलातून डीएचए थेट मिळतं पण जास्त झालं की अंड्याला माशासारखा वास येतो, जवसाचंही प्रमाण फार वाढवलं तर तीच तक्रार येते.

कोलेस्टेरॉलचं मात्र वेगळं आहे. एका अंड्यात १८०-२०० मिलिग्रॅम असतं आणि खाद्यातलं तेल बदलून ते फारसं कमी होत नाही. बलक शेवटी पिल्लासाठी असतो आणि वाढणाऱ्या पिल्लाला कोलेस्टेरॉल हवंच असतं.

सरकीच्या तेलाची गोष्ट तर सांगायलाच हवी. कच्च्या सरकीच्या तेलात स्टर्क्युलिक नावाचं एक फॅटी ॲसिड असतं, ते कोंबडीतल्या एका एन्झाइमला अडवतं, ज्याचं काम स्टिअरिक ॲसिडचं ओलेइक करणं. म्हणजे घट्ट फॅटचं पातळ फॅट होणं थांबतं. अशी अंडी थंडाव्यात काही दिवस ठेवली की बलक रबरासारखा कडक होतो, बलकाभोवतीचा पडदाही नीट राहत नाही, बलकातलं लोह पांढऱ्यात उतरतं आणि पांढरं चक्क गुलाबी होतं!

आता कोंबडीच्या तब्येतीचं. लिव्हरमध्ये चरबी साठून, ते फुटून, रक्तस्राव होऊन धडधाकट दिसणारी कोंबडी अचानक मरते, तुरा पांढुरका पडलेला असतो. लगेच तेलाला दोष देतात, पण खरं कारण बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त एनर्जी, विशेषतः स्टार्चमधून आलेली, आणि पिंजऱ्यात हालचाल नाही. एकूण एनर्जी तेवढीच ठेवून थोडा स्टार्च काढून तेल घातलं तर लिव्हरवरचा फॅट बनवायचा ताण उलट कमी होतो. उन्हाळ्यातही तेलाचा फायदा होतो कारण ते पचवताना शरीरात उष्णता कमी तयार होते.

खवट तेल मात्र कधीच नको. ते खाद्यातलं व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं, आणि जवस किंवा माशाच्या तेलासारखी तेलंच सगळ्यात लवकर खवट होतात, म्हणून ओमेगा-३ वाढवायचं असेल तर खाद्यात व्हिटॅमिन ईसुद्धा वाढवावं लागतं.