पिवळा धोतरा, माली आणि हिवतापाचा काढा

पडीक रानात, रस्त्याकडेला दिसणारा काटेरी पिवळा धोतरा मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यानं १९९८ मध्ये दिल्लीत साठहून अधिक माणसं दगावली. त्याच झाडाच्या पानांचा काढा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये हिवतापावर घेतात, आणि त्याची रीतसर चाचणीही झाली आहे.

वनस्पतीतून हिवतापाचं औषध निघणं नवं नाही. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन निघालं आणि चीनमधल्या किंगहाओ या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन. दोन्हीकडे शेवटी हाती आला तो वेगळा काढलेला रेणू. मालीत वाट उलटी धरली: आधी माणसांवर गुण पाहायचा, रेणूचं नंतर. आपल्याकडे सर्पगंधेचं असंच झालं होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे तिचे अनुभव १९४९ मध्ये प्रसिद्ध केले, तिच्यातला रेणू, रेसरपिन, हाती लागला तो १९५२ मध्ये.

मालीतल्या संशोधकांनी आधी घराघरांत विचारलं: मुलाला ताप आला तेव्हा काय दिलंत, आणि पुढे काय झालं? तब्बल ६६ वनस्पतींची नावं आली. त्यांतून सर्वांत चांगला गुण पिवळ्या धोतऱ्याच्या काढ्याशी जुळला. मग ८० रुग्णांवर मात्रा ठरवली. दिवसातून एकच पेला, तीन दिवस, अशी मात्रा घेणाऱ्यांत जेमतेम ३५ टक्के बरे झाले. दोन पेले, सात दिवस घेणाऱ्यांत ७३ टक्के. त्याहून वाढवून काही फायदा झाला नाही, उलट दोघांच्या हृदयाच्या आलेखात फरक दिसला. मधली मात्रा निवडली गेली.

त्यानंतर ३०१ रुग्णांची चाचणी झाली. काही जणांना काढा, काहींना आर्टेसुनेट-अमोडियाक्विन या हिवतापाच्या गोळ्या. कोणाला काय, हे चिठ्ठीनं ठरावं तसं. अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या औषधाची गरज न पडलेले काढ्याच्या गटात ८९ टक्के, गोळ्यांच्या गटात ९५ टक्के निघाले. निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मात्रा ठरवतानाच दिसलं होतं की काढ्यानं रक्तातले परजीवी क्वचितच पूर्ण जातात. ते संशोधकांनी झाकलं नाही. त्यांचा दावा एवढाच होता: घरी पहिला उपाय म्हणून काढा, गुण न आल्यास गोळ्या. वर्षानुवर्षं डास चावून मोठ्यांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती आलेल्या गावांसाठी हे गणित होतं. अशी प्रतिकारशक्ती नसलेल्या, कधीमधीच साथ येणाऱ्या भागात ते आकडे तसेच लागू होत नाहीत.