वाईन, हृदय आणि द्राक्षाची साल : एका समजुतीची पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या परिसरातील किंवा दिंडोरीकडील वायनरी पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : थोडी रेड वाईन हृदयाला चांगली असते. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, तेव्हा ही समजूत दहा वर्षांची झाली होती.

तिचा उगम नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात सापडतो. लोणी आणि चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंच लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू तुलनेने कमी का, या कोड्याचे उत्तर म्हणून त्यात वाईन पुढे करण्यात आली आणि अमेरिकेत रेड वाईनची विक्री झपाट्याने वाढली. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मत शास्त्रीय स्वरूपात मांडले. मात्र त्यांचा भर अल्कोहोलमुळे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स या पेशींच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती कमी होते, यावर होता. द्राक्षाच्या सालीतील कोणत्या एका द्रव्यावर नव्हता.

ते द्रव्य, म्हणजे रेझव्हेरट्रॉल, मागाहून या गोष्टीत आले. जपानी संशोधक मिचिओ ताकाओका यांनी ते १९३९-४० च्या सुमारास एका वेगळ्याच वनस्पतीतून काढले होते. द्राक्षवेलीत ते सापडल्याची नोंद १९७६ ची असून, बुरशीचा संसर्ग किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की वेल ते स्वसंरक्षणासाठी तयार करतो, असे तेव्हा दिसून आले. द्राक्षावरील ज्या डावणी आणि भुरी रोगांना रोखण्यासाठी निफाड-दिंडोरीचा बागायतदार छाटणीपासून काढणीपर्यंत फवारण्या करीत राहतो, तशाच बुरशीविरुद्धचे हे वेलीचे स्वतःचे हत्यार. द्राक्षात औषध शोधणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

२००३ मध्ये यीस्टवरील आणि २००६ मध्ये स्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांवरील प्रयोगांत रेझव्हेरट्रॉलचे परिणाम आयुष्य वाढण्याच्या दृष्टीने उत्साहवर्धक दिसले. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने त्यावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी सुमारे ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र साध्या आहारावरील उंदरांचे आयुष्य त्यामुळे वाढले नाही. शिवाय २००६ च्या प्रयोगातील मात्रा शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे २२ मिलिग्रॅम होती. साठ किलो वजनाच्या माणसाला सरळ गुणाकाराने तेवढीच द्यायची, तर ती १,३०० मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि रेड वाईनच्या लिटरमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असते. शरीरात गेलेलेही आतडे व यकृत लगेच बदलून टाकतात, त्यामुळे रक्तात ते मूळ रूपात नाममात्र उरते. २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका संशोधकाच्या याविषयीच्या कामात माहिती बनावट असल्याची किंवा फिरवल्याची १४५ उदाहरणे दाखवली. २०१४ मध्ये इटलीच्या कियांती भागातील ७८३ वृद्धांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. लघवीतील रेझव्हेरट्रॉलच्या अंशांचा हृदयविकाराशी, कर्करोगाशी किंवा आयुर्मानाशी संबंध आढळला नाही.

उरला अल्कोहोलचा दावा. जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही मोजले जात. साहजिकच तो गट अधिक आजारी दिसे आणि मोजके पिणारा निरोगी ठरे. ही शंका १९८८ पासून मांडली जात होती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात टाकले आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय त्याच्या बरोबर वर्षभर आधी, जानेवारी २०२२ मध्ये, घेतला होता. तो शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या अंगाने तपासणे योग्य. हृदयाचा आधार त्याला मिळत नाही.

पिंपळगावच्या खळ्यावरून देशभर जाणाऱ्या ताज्या द्राक्षांची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली आलेल्या, तीन मोठ्या गटांच्या पाठपुराव्यावर आधारलेल्या अभ्यासात द्राक्षे, सफरचंद आणि ब्लूबेरी अख्खी खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस पिणाऱ्यांत अधिक दिसला. अर्थात तेही निरीक्षणच आहे, प्रयोग नव्हे; आणि अख्खी फळे खाणारा माणूस इतर बाबतींतही जपून राहणारा असू शकतो.