क्रिमिनॉलॉजी केली म्हणजे सीआयडीत नोकरी पक्की? असं काही नसतं

बारावीनंतर दरवर्षी हे फिरतंच, की क्रिमिनॉलॉजी (म्हणजे गुन्हेगारीशास्त्र) घ्या आणि डायरेक्ट सीआयडीत जा. अहो, सीआयडी ही राज्य पोलिसांचीच एक शाखा आहे, मुख्यालय पुण्यात, आणि तिथे अधिकारी सहसा पोलिस दलातूनच बदलीने येतात. एमपीएससीतून पीएसआय व्हायला कुठलीही पदवी चालते, क्रिमिनॉलॉजीवाल्याला वेगळी रांग नाही. आणि रक्ताचे नमुने, बोटांचे ठसे वगैरे लॅबचं काम हवं असेल तर ते फॉरेन्सिक सायन्स, त्याला सायन्सची पदवी लागते. पोरांचे पैसे आणि वर्षं या गोंधळात जातात म्हणून एवढं लिहितोय.

मग क्रिमिनॉलॉजीत शिकवतात काय? गुन्हा का होतो, शिक्षेने माणूस बदलतो का, पीडिताला कोर्टात काय मिळतं, तुरुंग कसा चालतो. मुंबईच्या टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, तसलं काम बघा एकदा. जामीन मंजूर झालाय पण जामीनदार नाही म्हणून माणूस आतच, अशा वेळी घरच्यांना शोधायचं, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा गोळा करायचा, वकिलाच्या मागे लागायचं. नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने (म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा मार्ग आहे (काही अपवाद सोडून), पण ते मोजून अर्ज करणारं कुणीतरी लागतं ना! हे काम आवडत असेल तर बिनधास्त घ्या अॅडमिशन.