अवकाशयानातील वंगण

उपग्रहाच्या सौरपंखांच्या बिजागऱ्या, अँटेना फिरवणारी बेअरिंगे, गिअर अशा हलत्या भागांना दिलेले वंगण. बेळगावच्या उद्यमबागेत लेथला तेल कमी पडले तर पुन्हा सोडता येते; इथे एकदाच द्यायचे असते. अवकाशाच्या निर्वात पोकळीत साधे तेल उडून कॅमेऱ्याच्या थंड भिंगावर बसते. शिवाय धातूवरचा ऑक्साइडचा थर घासून गेला की हवेअभावी पुन्हा धरत नाही आणि उघडे धातू एकमेकांना चिकटतात. यालाच शीतजोड म्हणतात.

ग्रॅफाइट इथे उपयोगाचे नाही, कारण त्याचे थर घसरतात ते हवेतल्या बाष्पामुळे. मोलिब्डेनम डायसल्फाइड या कोरड्या वंगणाचे नेमके उलट आहे: पोकळीत घर्षणांक 0.05च्या आसपास किंवा त्याहून कमी, दमट हवेत मात्र तो कित्येक पट वाढतो आणि लेप झिजतो. बेअरिंगवर हा लेप साधारण 1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा असतो. बेळगावच्या आषाढातल्या हवेत असे बेअरिंग ‘कसं फिरतंय बघू’ म्हणून हाताने फिरवले तर त्याचे आयुष्य तिथेच खर्ची पडते. चाचणी पोकळीत किंवा कोरड्या नायट्रोजनमध्येच घ्यावी आणि प्रत्येक फेरा नोंदवून आयुष्यातून वजा करावा.

गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी उघडणारी मुख्य अँटेना एप्रिल 1991 मध्ये पूर्ण उघडलीच नाही. तिच्या 18 काड्यांपैकी काही अडकल्या. कॅलिफोर्निया–फ्लोरिडा ट्रकप्रवासातल्या हादऱ्यांनी पिनांवरचे कोरडे वंगण झिजले, हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते.

यानाची दिशा सांभाळण्यासाठी सतत वेगाने फिरणाऱ्या चाकांना द्रव वंगण लागते. फ्लोरिनयुक्त तेले फारशी उडत नाहीत. पण पोलादावर दाबाखाली घासताना त्यांचे विघटन होते, ग्रीस काळे पडते.

वंगण उत्तम असूनही फिट चुकीचा असेल तर बेअरिंग जाम होते. अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसते त्या घरात) 100 मिमी बाह्यव्यासाचे पोलादी बेअरिंग बसवले आणि तापमान 50 अंशांनी उतरले, तर हाउसिंग बेअरिंगपेक्षा सुमारे 0.06 मिमी जास्त आकसते. मायक्रॉनमध्ये बोअरिंग करणाऱ्याला हा आकडा केवढा मोठा आहे ते लगेच कळेल. म्हणून हाउसिंग टायटॅनियमचे किंवा पोलादाचेच घेतात. त्यांचे प्रसरण बेअरिंगच्या जवळपास असते.

मोटर निवडताना युरोपीय मानकानुसार मोजून न पाहिलेले घर्षण तिप्पट धरतात आणि एकूण विरोधाच्या किमान दुप्पट बल ठेवतात.